पावणेत्रेचाळीस अंशांची मोहीम

बाळगोपाळांनो, जरा डोळे मिटा. एकाने अर्धा डोळा उघडा ठेवला आहे, त्याने तोही मिटावा. आता असे मनात आणा की तुम्ही मोकळ्या शेतात उभे आहात आणि पायाशी हद्दीचा दगड आहे. उजवा हात सरळ उगवतीकडे धरा आणि तसाच हळूहळू उत्तरेकडे वळवा. उत्तरेस पोचलात म्हणजे नव्वद अंश झाले. त्यातला एक अंश केवढा, तर लांब धरलेल्या हाताच्या करंगळीच्या जाडीएवढा. त्या करंगळीचे साठ तुकडे करा, एका तुकड्यास मिनिट म्हणतात. त्या मिनिटाचे पुन्हा साठ करा, त्यास सेकंद म्हणतात. ही मिनिटे घड्याळातली नव्हेत, परंतु घराणे तेच, साठीचे. एवढे पक्के केलेत? मग डोळे उघडा, कारण करंगळीच्या याच चिमुकल्या तुकड्यांपायी सीताबर्डी मुक्कामी जे घनघोर युद्ध जाहले आणि ज्यात एका विहिरीचे प्राण कंठाशी आले, त्याची हकीकत आता सांगणे आहे.

शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सर, कार्तिक वद्य द्वितीया, मंदवासर. इंग्रजी गणतीने सन एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबराची सातवी. ते समयी नागपूर शहरी, सीताबर्डीच्या पेठेत, कापडाच्या दुकानावरील माडीत मोजणीधुरंधर नकाशेकुलभूषण आनंदराव ढोबळे यांची गादी होती. शेतांच्या हद्दी मोजाव्या आणि त्यांचे नकाशे करून द्यावे हा त्यांचा राज्यकारभार. त्यांचे पदरी तीस वर्षे नत्थूजी नकाशेनवीस चाकरीस होते आणि त्यांचे आयुध चांदा. चांदा म्हणजे दक्षिणेकडील ते किल्ल्याचे शहर, असे कोणी समजेल तर तसे नव्हे. कोन मोजण्याचा जो अर्धचंद्राकृती पारदर्शक तुकडा कंपासपेटीत असतो, त्यासच आमच्या मुलुखी चांदा म्हणतात. नत्थूजींनी तो छातीच्या खिशात बाळगून बाळगून त्याच्या कडेवरील निम्मे आकडे पुसून टाकिले होते, आणि जे पुसले तेवढे त्यांस मुखोद्गत होते.

मग त्याच वर्षी दसऱ्याचा मुहूर्त साधून आनंदरावांनी यंत्रराज संगणक यांस पाचारण केले. त्यांजकरिता काचेची खोली उठविली, आणि जो गारवा आनंदरावांनी स्वतःच्या निजण्याच्या खोलीस कधी दिला नव्हता तो त्या खोलीस दिला, आणि फर्मान सोडले की आत येणाराने जोडे बाहेर काढावे, मोठ्याने शिंकू नये, आणि पंख्याच्या बटणास व यंत्रराजांच्या बटणास एकच समजू नये. यंत्रराजांचे मुख काळे आणि वाणी हिरवी. बाजूस त्यांचा लेखनिक, म्हणजे नकाशा काढणारे प्लॉटर, जो पेन चिमटीत धरून कागदावर असा धावे की पाहणाऱ्याची मान दुखावी. यंत्रराजांच्या खिदमतीस चंद्रभान नावाचा कामठीचा जवान होता. त्याने सहा आठवड्यांचा कोर्स केला होता आणि कळा दाबण्यात तो इतका वाकबगार की त्याची बोटे पुढे चालत आणि विचार मागून येत. शून्य अंश उत्तरेस की पूर्वेस, हा तंटा या शिपायाने दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यातच यंत्रराजांशी भांडून तोडला होता, तेणेकरून त्याचा दिमाख वाढला होता.

आता युद्धाचे कारण ऐका. शहराच्या दक्षिणेस हुडकेश्वर येथे तुळसाबाई नामे शेतकरीण होती. तिने आपले अर्धे शेत लेआउटाधीश ताराचंद यांस प्लॉट पाडण्याकरिता दिले आणि अर्धे राखिले. राखिलेल्या अर्ध्यात, नव्या हद्दीच्या अगदी कडेला, तिची विहीर. ती विहीर तुळसाबाईने आणि तिच्या नवऱ्याने तीन उन्हाळे खपून खणली होती, आणि ज्या वर्षी पाणी लागले त्याच वर्षी त्यांना कन्या झाली, तिचे नाव शामला. म्हणोन विहीर आणि शामला एका वयाच्या, दहा-दहा वर्षांच्या. वांग्यांचे वाफे, मेथीचे वाफे, दोन म्हशी आणि पाच माणसे त्या एका विहिरीवर जगत होती.

खतात, म्हणजे कराराच्या कागदात, लिहिले होते ते असे की, धुऱ्यावरील, म्हणजे बांधावरील, दगडापासून तीनशे मीटर रेघ घ्यावी, तिचा कोन बेचाळीस अंश पंचेचाळीस मिनिटे वीस सेकंद, रेघेच्या उजवीकडे तुळसाबाई आणि डावीकडे ताराचंद. ही रेघ खरीखुरी काढली असता विहिरीच्या काठापासून एक वीत अंतर राखून जात होती. एक वीत म्हणजे थोडके, परंतु तेवढ्याने विहीर सबंध तुळसाबाईकडे राहत होती. नकाशा त्याच दिवशी पाच वाजता कचेरीच्या खिडकीत दाखल होणे होता. खिडकी मिटली म्हणजे मुदत संपली आणि करार मोडला.

दुपारी दोन वाजता ताराचंद यांची स्वारी पान खाऊन माडीवर दाखल जाहली. मागोमाग तुळसाबाई, आणि शनिवारची सकाळची शाळा आटोपून शामला. सर्वांनी जोडे बाहेर काढिले. शामलेने चपला काढून त्यांची टोके एका रेघेत लावली, आणि मग नकाशा उलगडण्यात आला.

नकाशात विहीर वाटाण्याएवढी होती. आणि हद्दीची रेघ तिच्या मधून, वाटाणा सोलावा तशी, सरळ गेली होती.

तुळसाबाईने वाकून पाहिले, पदराने डोळे पुसून पुन्हा पाहिले.

"भाऊ, माही विहीर अर्धी काहून दिसून राहिली?"

"यंत्राचं काम आहे बाई," ताराचंद म्हणाले. "यंत्र काही माह्या नात्यातलं नाही."

"मंग अर्ध्या विहिरीचं तुम्ही का करता?"

"मी का करन? माह्या बाजूनं मुरूम टाकतो, बुजवतो. वरून नऊ मीटरचा रस्ता जाईन."

"आन माह्या अर्ध्यात पाणी राहीन का?"

"ते विहिरीले विचारा," ताराचंद म्हणाले. हे ते दुष्टपणे म्हणाले असे नव्हे. नकाशात जे आहे ते आहे, अशा श्रद्धेचे ते गृहस्थ होते.

हे ऐकोन नत्थूजी आपल्या टेबलाकडे गेले आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा घेऊन आले. त्यात विहीर सबंध होती, वाटाणा सोललेला नव्हता. मग दरबारात मोठा पेच पडला की मनुष्य खरा की यंत्र खरे. आनंदरावांनी टक्कल कुरवाळले, दोन येरझारा घातल्या, आणि निवाडा दिला तो येणेप्रमाणे: नत्थूजींचा चांदा अर्धा अंश दाखवितो, यंत्रराज अंशाचा दहाहजारावा भाग दाखवितात, नत्थूजींची पेन्सिल बोथट होते, यंत्रराजांचे पेन होत नाही, सबब यंत्रराजांची रेघ कायम. नत्थूजींनी चांदा खिशात घातला आणि खिशाचे बटण लाविले. तीस वर्षांत त्या खिशाचे बटण कोणी लावलेले पाहिले नव्हते.

तुळसाबाईने शामलेचा हात धरून म्हटले, "चाल वं. तुह्या बाबाले काय सांगू, ते बसमधी विचार करू."

परंतु शामला हलली नाही. तिची नजर यंत्रराजांच्या काळ्या मुखावर खिळली होती, जेथे चंद्रभानाने लेआउटाधीशांची खात्री पटावी म्हणून त्या रेघेचा कोन मागविला होता, आणि यंत्रराजांनी हिरव्या अक्षरांत उत्तर दिले होते: बेचाळीस, मग एक टिंब, मग चार पाच दोन शून्य.

"आजोबा," ती नत्थूजींस म्हणाली, "तुमच्या वहीत किती लिहून आहे?"

"पावणेत्रेचाळीस, पोरी. आन वर वीस सेकंद."

"पाऊण म्हणजे अर्ध्याहून मोठं ना?"

"मोठंच. काहून?"

"मंग यानं अर्ध्याच्या अलीकडे काहून काढली?"

चंद्रभान म्हणाला, की पोरगी काही तरी बोलून राहिली, मी वहीत पाहूनच टाकले आहे, बेचाळीस पॉइंट पंचेचाळीस वीस.

"आमच्या बाईंनी सांगितलं," शामला म्हणाली, "टिंबानंतर पंचेचाळीस म्हणजे शंभरातले पंचेचाळीस. अर्धं म्हणजे पन्नास. मंग पंचेचाळीस अर्ध्यापेक्षा कमीच झाले ना दादा."

बाळगोपाळांनो, येथे बखर क्षणभर थांबते. पाटी घ्या. मिनिटे साठातली असतात, म्हणोन पंचेचाळीस मिनिटे म्हणजे पाऊण अंश. टिंबानंतरचे आकडे शंभरातले असतात, म्हणोन त्याच पंचेचाळिसाचा पाऊण होत नाही, अर्धाही होत नाही. चंद्रभानाने साठीच्या घराण्यातले पंचेचाळीस उचलून शंभराच्या घरात नेऊन बसविले, आणि यंत्रराजांनी काही विचारपूस न करता त्यांस ठेवून घेतले. त्यायोगे रेघ करंगळीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमीच सरकली, परंतु तीनशे मीटर चालून जाता जाता ती चूक वाढत वाढत विहिरीपाशी साडेतीन हातांची झाली. पुन्हा करून पाहा, घाई नाही.

नत्थूजींनी खिशाचे बटण काढिले. चांदा बाहेर आला. त्यांनी तो यंत्रराजांच्या काचेस लावला, आणि रेघ साडेबेचाळिसाच्या किंचित अलीकडे निघाली. नत्थूजी चंद्रभानास एवढेच म्हणाले, "बापू, पावणेत्रेचाळीस अन् साडेबेचाळीस यांच्यात पाव अंशाचं मैदान असते. त्यात अख्खी विहीर बुडते गा."

आनंदरावांनी आपला निवाडा तत्क्षणी मागे घेतला आणि नवा हुकूम दिला, की अंश, मिनिटे आणि सेकंद हे तिन्ही सरदार जसेच्या तसे, पोशाखासह यंत्रराजांच्या दरबारी उभे करावे. घड्याळात पावणेतीन वाजले होते. येथून मोहीम सुरू जाहली.

पहिला हल्ला चंद्रभानाने स्वतःच्या हिमतीवर केला. त्याने विचार केला की अंशाची खूण म्हणजे आकड्याच्या डोक्यावरील इवलेसे वर्तुळ, तर ते कळफलकावर शोधावे. त्याने शोधिले, नत्थूजींनी शोधिले, आनंदरावांनी चष्मा पुसून शोधिले, आणि ताराचंदही खुर्ची ओढून शोधू लागले, कारण शोधणे हे पाहत बसण्यापेक्षा बरे. वर्तुळ कोठेही नव्हते. मग चंद्रभान म्हणाला, वर्तुळच पाहिजे ना, मग शून्यही वर्तुळच आहे, आणि त्याने बेचाळीसच्या पुढे शून्य ठोकून त्यापुढे पंचेचाळीस ठोकिले. यंत्रराजांनी ते एकच आकडा म्हणून वाचिले: बेचाळीस हजार पंचेचाळीस अंश. आणि हुकूम म्हणजे हुकूम, म्हणोन ते आपल्या जागी गरगर गरगर फिरले, एकशे सोळा पुरे फेरे घेतले आणि वर उरलेले दोनशे पंच्याऐंशी अंश वळून रेघ सोडून दिली. ती रेघ हुडकेश्वर सोडून, ताराचंदाचे प्लॉट सोडून, कागदाची कड ओलांडून दक्षिणेस निघाली आणि उमरेडच्या वाटेला लागली.

"आता उमरेडवाल्यांच्या विहिरी जातात," नत्थूजी म्हणाले.

शामला इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि ताराचंदांनी तिला पाणी देवविले.

दुसरा हल्ला मसलत करून झाला. आनंदरावांनी सुचविले की खुणा न मिळाल्या तरी हरकत नाही, तिन्ही आकड्यांमध्ये मोकळी जागा सोडावी, म्हणजे सरदार वेगवेगळे आहेत हे कोणासही कळेल. मसलत नामी होती, फक्त त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, की यंत्रराजांच्या दरबारी मोकळ्या जागेची लांब कळ दाबणे म्हणजे 'हुकूम संपला' असे सांगणे. चंद्रभानाने बेचाळीस टाकून लांब कळ दाबताच यंत्रराज पुढचे न ऐकता उठले, नुसत्या बेचाळीस अंशांवर रेघ ओढून मोकळे झाले, आणि मागून पंचेचाळीस आले त्यांस दारातच विचारिले, आपण कोण? पंचेचाळिसांस उत्तर देता आले नाही. वीस तर बाहेरच राहिले.

या झटापटीत रेघ खऱ्या जागेपासून एकदम तेरा फूट सरकली. तुळसाबाईने काचेकडे पाहिले. विहीर आता अर्धीही तिच्याकडे नव्हती, सबंध ताराचंदाकडे गेली होती.

"अर्धी होती तेच बरं होतं वं," ती शामलेस हळूच म्हणाली, आणि भिंतीशी जाऊन बसली. त्या खोलीतला गारवा तिला सोसेना. तिने पदर अंगाभोवती घेतला आणि ती दाराकडे ठेवलेल्या चपलांकडे पाहत राहिली.

साडेतीन वाजले. तिसऱ्या हल्ल्याची जबाबदारी नत्थूजींनी घेतली. त्यांनी कागदावर मांडले की पंचेचाळीस भागिले साठ, म्हणजे पाऊण, म्हणजे पॉइंट पंच्याहत्तर. वीस सेकंदांचे मांडले तेव्हा पाचावर पाच, पाचावर पाच, असे पाचांचे सैन्य निघाले, त्यास शेवटच दिसेना, तेव्हा त्यांनी सैन्य मध्येच तोडून शेवटच्या पाचाचा सहा केला. बेचाळीस पॉइंट सात पाच पाच सहा. चंद्रभानाने टाकिले. रेघ निघाली, विहिरीच्या काठापासून एक वीत राखून शेवटास पोचली. विहीर तुळसाबाईकडे परत आली, गोल, सबंध, पाण्यासकट.

तुळसाबाई उठून उभी राहिली. परंतु ताराचंदांनी हात वर केला.

"खतात बेचाळीस-पंचेचाळीस-वीस लिहून आहे," ते म्हणाले. "तुमच्या नकाशात सातशे पंचावन का छप्पन काय ते निघून राहिलं. खिडकीवरचा बाबू आकडे जुळवून पायते. नाही जुळले तर नकाशा वापस. मी सही नाही करत."

"पण शेठ, दोन्ही एकच आहे गा," नत्थूजी म्हणाले.

"असन. मले दिसत एक नाही ना."

आणि हे खरेच होते. आनंदरावांनी ताराचंदांचा आक्षेप मंजूर केला, कारण खिडकीवरच्या बाबूस त्यांनी स्वतः पाहिले होते. चार वाजले. फौज थकली. चंद्रभानाची बोटे प्रथमच विचारांच्या मागे पडली. त्याने हताश होऊन यंत्रराजांस पुन्हा आरंभापासून चालू केले, आणि प्रत्येक वेळी करीत असे तसाच एका पानामागून एक पाने एंटर दाबून पुढे ढकलू लागला. टक, टक, टक.

आता शामलेविषयी एक गोष्ट सांगणे राहिले. ती पाचवीत होती, आणि ज्या मुलांस पाचवीतच इंग्रजी लागते त्यातली ती एक. जूनपासून तिने मोठी अक्षरे शिकून दिवाळीपर्यंत लहान अक्षरे संपविली होती. तिला इंग्रजी शब्द येत नव्हता, परंतु अक्षर म्हणोन जे काही दिसेल ते ती वाचल्याशिवाय सोडीत नसे. बसच्या मागचे, तेलाच्या डब्यावरचे, आगपेटीवरचे. चंद्रभानास सबंध इंग्रजी येत होते, म्हणोन तो काहीच वाचीत नव्हता.

"दादा, थांबा ना," ती म्हणाली. "एक पान मागं घ्या."

"काहून?"

"त्याच्यात पंचेचाळीस होते."

चंद्रभान म्हणाला, ते कामाचे नाही, ते यंत्र रोजच दाखविते, मापे कोणत्या पद्धतीची हवी ते विचारते, आपण पहिला नंबर घेऊन पुढे जातो. तेव्हा आनंदरावांनी हुकूम केला की मुलगी सांगते ते पान हजर करावे. पान हजर झाले. त्यात पाच ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे नमुन्याचा एक कोन लिहिला होता. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून शामला, जशी वर्गात उभी राहून वाचीत असे तशी, हात मागे बांधून वाचू लागली.

"चार, पाच. मग लहान डी. मग शून्य. मग एक शेपटी. मग शून्य. मग दोन शेपट्या."

नत्थूजी काचेजवळ वाकले.

"डी," नत्थूजी सावकाश म्हणाले. "डिग्रीचा डी. वर्तुळाच्या पाठीले काठी लावून ठेवली यायनं. अन् आपण काठी सोडून नुसतं वर्तुळ शोधून राहिलो."

दसऱ्यापासून महिन्याहून अधिक दिवस यंत्रराज प्रत्येक सकाळी स्वतःच्या मुखाने सांगत होते की मजशी कोनाचे कसे बोलावे, आणि प्रत्येक सकाळी चंद्रभान एंटर दाबून त्यांचे तोंड मिटवीत होता. हे ध्यानी येताच तो जवान कानापर्यंत लाल झाला, आणि मग, हे त्याच्या मोठेपणाचे, खुर्ची थोडी सरकवून त्याने शामलेस बाजूला जागा करून दिली.

"तू सांग," तो म्हणाला. "मी टाकतो. हळू सांग."

मग सुलतानढवा, म्हणजे निर्वाणीचा हल्ला, झाला. चंद्रभानाने त्या पानावर या खेपेस पहिला नंबर सोडून दुसरा घेतला. शामला सांगे आणि चंद्रभान टाकी. बेचाळीस. लहान डी. पंचेचाळीस. एक शेपटी. वीस. येथे शत्रूने अखेरची उसळी घेतली, कारण दोन शेपट्या म्हटल्यावर चंद्रभानाने एकेरी शेपटीची कळ दोनदा दाबिली, आणि यंत्रराजांनी गुरकावून सबंध ओळ परत केली. शामला खाली वाकली आणि तिने नाक कळफलकास लावून पाहिले.

"दोन एकेऱ्या नाही दादा. एक दुहेरी. ती पाहा, त्याच कळीच्या माथ्यावर बसून आहे."

चंद्रभानाने ओळ पुन्हा टाकिली, अखेरीस शिफ्ट धरली आणि कळ दाबली. काळ्या मुखावर हिरव्या अक्षरांत जे उमटले ते असे:

42d45'20"

आणि त्याने एंटर दाबण्याआधी सर्वांकडे एकदा पाहिले. नत्थूजींनी मान हलविली. त्याने दाबले.

रेघ दगडापासून निघाली आणि शेत ओलांडून गेली, विहिरीपाशी आली, एक वीत राखून वाकडी नजर न करता पुढे गेली आणि आपल्या जागी थांबली. नत्थूजींनी चांदा लावून पाहिला. चांदा पावणेत्रेचाळिसावर बोलला. मग चंद्रभानाने कोन विचारिला, तेव्हा यंत्रराजांनी खतात होते तेच शब्द, त्याच क्रमाने, एका शेपटीचाही फरक न करता उच्चारिले, आणि ताराचंदांनी खत उघडून आकड्याखाली बोट धरून तीन वेळा जुळवून पाहिले.

"आता जमलं," ते म्हणाले. मग खताची घडी घालून तुळसाबाईस म्हणाले, "रस्ता एक वीत सोडूनच जाईन, बाई. तुमच्या काठावर मुरूम नाही येत."

"येऊही नका देऊ," तुळसाबाई म्हणाली. "माह्या म्हशी थांबतात तिथं."

येणेप्रमाणे बेचाळीस अंश पंचेचाळीस मिनिटे वीस सेकंद यांची मोहीम फत्ते जाहली. प्लॉटराने पेन चिमटीत धरून नकाशा काढिला, ताराचंदांनी सही केली, तुळसाबाईने सही केली. चंद्रभान नकाशाची सुरळी काखेत मारून सायकलीवर बसला आणि पाचास सात मिनिटे कमी असता खिडकीत हजर झाला, आणि बाबूने आकडे जुळवून शिक्का मारिला. ही सात मिनिटे मात्र घड्याळातली, याची नोंद घ्यावी. जखमी कोणी नाही. गमावलेले एवढेच, की पाहुण्यांकरिता मांडलेला बशीतला चिवडा सर्वांचे लक्ष नसता कोणी संपविला ते उमगले नाही. आनंदरावांनी त्याच सायंकाळी फर्मान काढून काचेच्या दारास चिकटविले: यापुढे यंत्रराजांचे प्रत्येक पान मोठ्याने वाचल्यावाचून एंटर दाबू नये, वाचणारे नत्थूजी, आणि गारव्यात त्यांच्या खुर्चीस गादी द्यावी. शामलेस तो पहिला, विहीर सोललेला नकाशा वहीला कव्हर घालावयास बक्षीस मिळाला. नत्थूजींनी तिला चांदा देऊ केला, तो तिने हातात घेतला, उजेडाकडे धरून आरपार पाहिला आणि परत केला. म्हणाली, "तुमाले लागते आजोबा. त्याच्यावरचे आकडे फक्त तुमालेच दिसतात."

मग मायलेकी शेवटच्या बसने नव्हे, तर त्याआधीच्या बसने हुडकेश्वरास परतल्या. उजेड अजून होता. तुळसाबाईचा नवरा वांग्यांना पाणी सोडून वाफ्यात उभा होता. त्यास काय झाले ते सांगावयास तुळसाबाईने तोंड उघडले, तो शामला धावत सरळ विहिरीकडे गेली, काठाच्या चिऱ्यावर पालथी पडली आणि आत डोकावली. तुळसाबाईने मागून येऊन तिचा फ्रॉक मुठीत धरिला. खाली पाण्यात आभाळाचा एक गोल तुकडा होता, सबंध, कोठेही रेघ नसलेला.

शामलेने दोन्ही हात तोंडाशी लावले आणि ओरडली, "बेचाळीस अंश पंचेचाळीस मिनिटं वीस सेकंद."

विहीर म्हणाली, "सेकंद."

शामलेने मान हलविली. मग ती उठून काठावर मांडी घालून नीट बसली, आईस फ्रॉक घट्ट धर म्हणाली, आणि विहिरीला पहिल्या आकड्यापासून, एकेक शब्द सुटा करून, हळूहळू शिकवू लागली.